ताटलीतलं पान

आमच्याकडे पुढच्या दारानं कुणी येत नाही. शेजारी मागच्या दारानं येतात, चिखलाचे बूट बाहेर काढून थेट स्वयंपाकघरात, आणि कॉफी तयार नसेल तर स्वतः टाकतात. पुढच्या दाराची घंटा वाजवतो तो मरणाचा निरोप घेऊन आलेला शेजारी. घरातलं माणूस शेवटचं बाहेर जातं तेही त्याच दारानं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण आमच्या आख्टरहूक भागातलं शेंबडं पोरसुद्धा ते जाणतं.

माइके उत्रेख्त शहरातून आलेली. शेजारचं रिकामं घर तिनं घेतलं आणि पहिल्याच रविवारी आमच्या पुढच्या दाराची घंटा दाबली. माझ्या हातातून बटाट्यांचं भांडं पडता पडता राहिलं. दार उघडून मी विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "मी आलेय. केक आणलाय."

बेरेंड, माझा नवरा, आतून इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. पुढं तो तिला केकवालीच म्हणायचा. मला मात्र ही बाई पटायला वेळ लागला. तिच्याकडे स्टेरा नावाची एक म्हातारी घोडी होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. आम्ही गाईंची माणसं. जे जनावर दूध देत नाही आणि वर लाथ मारतं, त्याला दोन वेळ खाऊ घालायचं हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

मग बेरेंड गेला. सगळ्यांत जवळचं घर माइकेचं, म्हणजे पहिली शेजारीण तीच. पहिल्या शेजाऱ्यानं काय काय करायचं असतं ते ती माझ्या दिराला, डेर्कला, विचारत गेली आणि एकेक गोष्ट पार पाडत गेली. घराघरांत पुढच्या दारानं जाऊन निरोप दिला. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून गावभरासाठी कॉफी केली. आणि शवपेटी मोटारीतून नको, जुन्या पद्धतीनं न्या, असं मी म्हटल्यावर तिनं स्टेराला गाड्याला जुंपलं. ती घोडी दफनभूमीपर्यंत अशी चालली की पेटीवरचं एक फूल हललं नाही. त्यानंतर मी तिला रोज एक गाजर द्यायला लागले. कुंपणावरून, हात लांब करून. भीती काही गेली नाही.

तर यंदाचा ऑक्टोबर. पलीकडच्या गावात एक तट्टू कुरणात उभ्या उभ्या थरथरायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी मेलं. त्यानं मेपलच्या बिया खाल्ल्या होत्या. भिंगऱ्या म्हणतो आम्ही त्यांना, दोन पंखांच्या, गरगरत खाली येणाऱ्या. लहानपणी नाकावर चिकटवून फिरायचो. सगळ्याच मेपलांच्या भिंगऱ्या वाईट नसतात. नॉर्वे मेपलच्या कितीही खाल्ल्या तरी काही होत नाही. ज्याला लोक साधा मेपल म्हणतात तोच विषारी. त्याच्या भिंगऱ्यांनी घोड्याचे स्नायू आतल्या आत विरघळतात, मूत कॉफीच्या रंगाचं होतं, आणि मग डॉक्टरच्या हाती फारसं काही उरत नाही.

ही बातमी आली आणि माइकेचं बूड एका जागी टेकेना. तिनं फोनवर एक ॲप घेतलं, पानाचा फोटो दाखवला की झाडाचं नाव सांगणारं. कामावरून आली की ती कुंपणाच्या कडेकडेनं फिरायची. ओकचं पान, बर्चचं पान, हेझलचं पान. एकदा माझ्या परसात येऊन कोबीचाही फोटो काढला.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"कोबी म्हणतंय."

"हुशार आहे."

"हसू नका, शेजारीणबाई. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही माझा."

तिनं ते माझ्याही फोनवर घालून दिलं, मला काही दिसलं तर असावं म्हणून. डेर्कनं त्यावर स्वतःच्या दाढीचा फोटो काढून पाहिला. शेवाळ, असं उत्तर आलं. दोन दिवस तो ते सगळ्या गावाला सांगत हिंडला.

मग वारा सुटला. नैर्ऋत्येकडून आला आणि कौलं खडखडवत राहिला. तो पडला त्या सकाळी माइके मागच्या दारानं आत आली ती बूट न काढता. माझ्या पुसलेल्या फरशीवर चिखल करत ती टेबलापाशी आली आणि मूठ उघडली. मुठीत भिंगऱ्या होत्या.

"कुरणात सापडल्या," ती म्हणाली. "फोटो काढला. साधा मेपल."

"घोडी कुठंय?"

"तबेल्यात कोंडलीय. पण काल दिवसभर बाहेर होती."

आमच्या बांधावर मेपलचं एकच झाड होतं, तिच्या कुरणाच्या अगदी टोकाला, ओढ्याच्या बाजूला. आम्ही गोठा बांधला त्या वर्षी बेरेंडनं ते गाईंच्या सावलीसाठी लावलं होतं. नॉर्वे मेपल आहे, असं तो म्हणायचा. पण त्याच्या शब्दावर मी कशी विसंबणार? त्याला प्रत्येक काळा पक्षी कावळा दिसायचा आणि प्रत्येक दुखणं सर्दी. शेवटचं दुखणंसुद्धा त्यानं सर्दी म्हणूनच अंगावर काढलं.

आम्ही दोघी झाडाखाली गेलो. गाईंनी ओरबाडू नये म्हणून बेरेंडनं खालच्या फांद्या छाटलेल्या, त्यामुळं हात पोहोचत नव्हता. वरची पानं वाऱ्यानं फाटलेली, काळ्या डागांनी भरलेली. भिंगरी तर एकही दिसत नव्हती.

"पडल्या असतील सगळ्या," मी म्हणाले.

माइकेनं गवतातून एक पान उचललं. अखंड, बिनडागाचं, देखणं पान. ॲपला मागं साधा रंग लागतो म्हणून मी घरातून पांढरी ताटली आणली. आता ताटलीत घाण पान कसं ठेवायचं? मी ते नळाखाली धुतलं, ॲप्रनला पुसलं, मधोमध मांडलं. तिनं फोटो काढला. फोननं क्षणभर विचार केला.

साधा मेपल. जवळजवळ खात्रीनं.

माइके "ठीक आहे," एवढंच म्हणाली आणि गेली. तिनं झाड पाडून मागितलं असतं तर मी कडाकडा भांडले असते. झाड माझं, जमीन माझी, तुझी घोडी तू बांधून ठेव, असं तोंडावर सांगितलं असतं. पण ती मागत नव्हती. आणि इकडं ती म्हातारी घोडी तबेल्याच्या दारावर लाथा घालत होती. धाड. जरा शांतता. धाड. तिला आयुष्यात कुणी कोंडलं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात बसून ते ऐकू यायचं. मी बटाटे सोलायला घेतले, सोडले. रेडिओ लावला, बंद केला. जिनं माझ्या माणसाला शेवटच्या जागी पोहोचवलं, ती माझ्याच झाडापायी कोंडून पडली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी मी डेर्कला फोन लावला.

"करवत घेऊन ये. मेपल पाडायचाय."

"बेरेंडचं झाड आहे ते, डिनी."

"बेरेंड आता त्याच्याखाली बसत नाही. घोडी चरते."

"एकदा विचार कर."

"केला. उद्या सकाळी ये, आणि पेट्रोल भरून आण. मागल्या खेपेसारखं अर्ध्यात माझ्या दारात मागायला येऊ नकोस."

झाड पडलं तेव्हा मी पाहत होते. वाटलं होतं तेवढा आवाज झाला नाही. माइके कुंपणापलीकडे उभी होती, नाक पुसत.

"मी मागितलं नव्हतं, शेजारीणबाई," ती म्हणाली.

"म्हणून तर दिलं. आता रडू नको, दाताळं घे."

तिनं घेतलं. दुपारपर्यंत गुडघ्यांवर बसून तिनं कुरण साफ केलं, गवतातल्या भिंगऱ्या एकेक करून वेचल्या. मग तबेल्याचं दार उघडलं. स्टेरा बाहेर आली, दोन्ही मागचे पाय उडवून चौखूर धावली आणि मातीत लोळली. माइके पहिल्यांदाच हसली आणि सायकल घेऊन कामावर गेली.

डेर्क आणि मी फांद्या रचत होतो. मनात आलं, बेरेंडच्या फोटोच्या चौकटीत यातलं एक पान खोवावं. डागाळलेलं तर डागाळलेलं, त्याच्या झाडाचं तर आहे. आडव्या पडलेल्या शेंड्यातून मी एक पिवळं पान खुडलं. देठ मोडला आणि बोटाला पांढरा चीक लागला. दुधासारखा.

का कोण जाणे, मी घरात गेले आणि तीच ताटली काढली. पान तसंच ठेवलं, न धुता. माझ्या फोनवर फोटो काढला.

नॉर्वे मेपल. खाली बारीक अक्षरांत: देठ मोडल्यास पांढरा चीक येतो.

मी शेंड्यातून दुसरं पान आणलं, तिसरं आणलं. तेच उत्तर. मला फोन फेकून द्यावासा वाटला, पण त्या बिचाऱ्यानं दोन्ही वेळा खरंच सांगितलं होतं. जे दाखवलं ते त्यानं ओळखलं. वाऱ्यानं कुठून तरी आणून टाकलेलं पान आम्ही उचललं होतं, कारण ते देखणं होतं. आणि धुऊन पुसून दिलं होतं मी.

डेर्कनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. "डिनी. चोर कुठंय मग?"

मी धावले. या वयात, रबरी बुटांत. वारा पुन्हा उठला होता. कुरणाच्या टोकाला, जिथं सकाळपर्यंत बेरेंडचं झाड होतं, तिथं आता मोकळं आभाळ होतं, आणि त्या भगदाडातून ओढ्यापलीकडची दफनभूमी दिसत होती. आमच्या बाजूनं ती पूर्वी कधी दिसलीच नव्हती. तिथल्या भिंतीशी एक उंच मेपल होता, भिंगऱ्यांच्या घोसांनी लगडलेला. वाऱ्याचा झोत आला की घोस सुटायचे आणि त्या ओढा ओलांडून गरगरत यायच्या, भगदाडातून सरळ आत, आत्ताच साफ केलेल्या गवतावर. इतकी वर्षं बेरेंडचं झाड मध्ये उभं राहून जमेल तेवढ्या अडवत होतं. स्टेरा खाली मान घालून शांतपणे चरत होती.

मला घोड्याची भीती वाटते हे तेव्हा आठवलंच नाही. मी तिच्या तोंडातलं गवत बोटांनी ओढून काढलं. गळपट्टा धरून ओढलं, शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. "चल गं बाई, चल. गाजर देते, पोतंभर देते." ती माझ्यामागून आली. तिला मी माझ्याच रिकाम्या गोठ्यात आणलं, आणि माइकेला फोन केला, आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईला केला.

डॉक्टरीणबाई लगेच आली. तिनं रक्त काढलं, हृदयाचे ठोके ऐकले, स्नायू दाबून पाहिले. "निकाल सकाळी कळेल," ती म्हणाली. "तोवर मूत बघा. पिवळं असेल तर धीर धरा. कॉफीसारखं दिसलं तर मला तत्काळ बोलवा."

ती गेली तोवर माइके सायकल टाकून आत आली होती, घामानं भिजलेली. आम्ही पांढरी बादली घेऊन गवताच्या गठ्ठ्यावर बसलो आणि घोडी मुतायची वाट पाहू लागलो. घोडी उभी. आम्ही बसलेल्या. डेर्क दारात येरझाऱ्या घालत होता.

"पाणी पाजलं का?" तो म्हणाला.

"पाजलं," मी म्हणाले.

"बेरेंड शीळ घालायचा. लोकांच्या गाड्यांच्या घोड्यांना. शीळ ऐकली की मुततात."

"मग घाल की."

"मला दात कुठं आहेत?"

शीळ मी घातली. हलकी, लांब, बेरेंड घालायचा तशी. स्टेरानं कान हलवले, बाकी काही नाही. मी पुन्हा घातली. माइकेनं पोटाशी बादली आवळून धरली होती.

"तरी बरं झालं, झाड वेळेवर पाडलं," ती म्हणाली. "नाहीतर अजून किती खाल्ल्या असत्या तिनं. तुमचे उपकार कसे फेडू?"

डेर्कची येरझार थांबली. तिला काहीच माहीत नव्हतं. फोनवर मी फक्त 'घोडी आत आणलीय, लवकर ये' एवढंच सांगितलं होतं. गप्प बसणं सोपं होतं, आणि क्षणभर मला तेच करावंसं वाटलं. पण दफनभूमीचं झाड तिला सांगायलाच हवं होतं, आणि ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

"माइके," मी म्हणाले, "आपलं झाड नॉर्वे मेपल होतं. बेरेंड बरोबर होता. भिंगऱ्या ओढ्यापलीकडून येताहेत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग बाहेर, फांद्यांच्या ढिगाकडं. मी शीळ घालत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

तेवढ्यात घोडीनं पाय फाकवले. माइकेनं उडी मारून बादली खाली सरकवली. तिघांनी डोकी घातली बादलीत, एकमेकांवर आपटली. पिवळं होतं. स्वच्छ पिवळं. डेर्क खाली बसला आणि टोपीनं तोंड झाकून घेतलं. मला रडू येत होतं आणि हसूही. माइके मात्र घोडीच्या मानेवर कपाळ टेकून उभी राहिली. अंधार पडताना मी सूप आणून ठेवलं, ते तिनं शिवलं नाही. मला वाटलं, तुटलं हे. आता ही बाई मला तोंड दाखवायची नाही. माणसं ज्यांच्याशी चुकतात त्यांनाच टाळतात. जीव दोन्हीकडं लागला होता, घोडीत आणि तिच्यात, आणि दोन्हीकडून काही कळत नव्हतं.

पहाटे मी गोठ्यात डोकावले तर गोठा रिकामा. घोडी नाही, माइके नाही. गवत विस्कटलेलं. मी मागच्या दाराशी उभी राहिले, तिच्या घराकडं पाहत. दिवा होता, हालचाल नव्हती. कॉफी टाकली, ती उतू गेली.

आणि पुढच्या दाराची घंटा वाजली.

स्वयंपाकघरापासून त्या दारापर्यंतचा बोळ मी भिंतीला धरून पार केला. कडी निघता निघेना. दारात माइके होती. बेरेंड गेला तेव्हाचा काळा कोट घातलेला, केस विंचरलेले, हात रिकामे. 'कोण गेलं' हे मला विचारता येईना.

"स्टेरा बरी आहे," ती म्हणाली. "आत्ताच फोन आला, रक्त चांगलं आहे. माझ्या तबेल्यात नेलीय, चारा खातेय."

"मग पुढच्या दारानं का आलीस, बाई?" माझा आवाज चिरकला. "माझा जीव घ्यायचाय का? अजून रीत शिकली नाहीस?"

"शिकलेय. म्हणूनच इकडून आले." तिनं हात समोर जुळवून धरले, डेर्कनं तिला शिकवलं होतं तसे. "शेजारीणबाई, बेरेंडचं झाड गेलं. माझ्या चुकीनं गेलं. मी पहिली शेजारीण, निरोप मीच द्यायला हवा."

झाड पडताना माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आता चौकट धरून उभी राहिले आणि कोटाची बटणं मला धूसर दिसायला लागली.

"आत ये," मी म्हणाले. "कॉफी घे."

"नको, पुढं जायचंय. डेर्क, मग गिरणीवाले, मग पाद्री. त्या दफनभूमीच्या झाडाचंही सांगायला हवं, ओढ्याच्या खालच्या अंगाला आणखी तट्टं आहेत. सगळ्यांना सांगते, चूक माझी होती." ती वळली आणि पायऱ्या उतरायला लागली, एकटीच, ताठ.

रीत अशी, की ज्याच्या घरी दुःख त्यानं घराबाहेर पडायचं नाही. बेरेंड गेला तेव्हा मी पडले नव्हते.

"थांब," मी म्हणाले. "कोट घेते. ताटली माझी होती."